वाढत्या अंगाचा मास्क घेऊ नका

मुलांचं सगळं वाढत्या अंगाचं घ्यायचं, ही आपल्या घरांतली जुनी रीत. गणवेशाच्या बाह्या दुमडायच्या, बुटात पुढे कापूस घालायचा, पुढच्या वर्षी तेच नीट बसतं. यात काहीच चूक नाही. पण समुद्रात तोंड घालून मासे पाहायचं सामान घेताना ही रीत बाजूला ठेवावी लागते. ढगळ शर्ट फार तर वाईट दिसतो. ढगळ मास्कमध्ये मात्र खारं पाणी शिरतं, आणि मोठ्या माणसाच्या मापाची नळी लहान मुलाच्या तोंडात दिली तर त्याला ताजी हवाच पुरेशी मिळत नाही.

माझा भाचा सात वर्षांचा असताना आम्ही तारकर्लीला गेलो होतो. होडीत एका क्रेटमध्ये सगळ्यांचे मास्क एकत्र ठेवलेले, सगळे एकाच मापाचे. त्याच्या मास्कमध्ये पाणी आलं की कुणीतरी पट्टा आवळायचं. तीनदा आवळला. चौथ्यांदा तो नाकातोंडात पाणी जाऊन वर आला, डोळ्यांभोवती लालभडक वळ उमटले होते, आणि तो फक्त एवढंच म्हणत होता, "आत्या, मला नको." पुढची दोन वर्षं त्याने समुद्रात चेहरा घातला नाही. त्या दिवशी मला कळत नव्हतं, आता कळतं: मास्क आवळायची गोष्ट नाही, बसायची गोष्ट आहे. म्हणून हे लिहिते आहे. दिवाळीच्या सुट्टीत मालवणला किंवा अंदमानला मुलं घेऊन निघालेल्यांनी निघण्याआधी वाचावं.

स्नॉर्कलिंग म्हणजे बुडी नव्हे. पाण्यावर पालथं तरंगायचं, चेहरा पाण्यात, नळीचं टोक पाण्याबाहेर, आणि खालचं जग पाहायचं. त्यासाठी मास्क, स्नॉर्कल म्हणजे श्वासाची नळी, आणि पायात फिन्स, म्हणजे पाणी मागे लोटणारी रबरी पाती, लागतात. पोहता येत नसेल, आणि आपल्याकडे बहुतेकांना येत नाही, तर लाइफ जॅकेटशिवाय उतरायचंच नाही. या सगळ्यात पैसे आणि डोकं कुठे खर्च करायचं असं विचाराल, तर मास्क आणि नळी. या दोन वस्तू प्रत्येकाच्या स्वतःच्या असाव्यात. बाकीचं भाड्याने मिळालं तरी चालतं.

मास्क

पाण्यात डोळे उघडले तर सगळं धूसर का दिसतं? प्रकाश हवेतून डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात शिरतो तेव्हा तो मोठ्या प्रमाणात वाकतो, आणि त्या वाकण्यामुळेच चित्र स्पष्ट उमटतं. प्रकाश वाकवण्याची पाण्याची क्षमता या पडद्याच्या इतकी जवळची आहे की पाण्यातून येणारा प्रकाश तिथे फारसा वाकतच नाही. मास्कचं काम एवढंच, की डोळ्यांपुढे हवेची एक छोटी खोली करून द्यायची. या खोलीच्या सपाट काचेमुळे वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठ्या आणि पाव अंतराने जवळ भासतात. मुलांना हे आधी सांगून ठेवा. नाहीतर मासा हाताशी आहे असं वाटून ती हात मारत राहतात.

पोहण्याचे गॉगल इथे उपयोगाचे नाहीत, कारण नाक बाहेर राहतं. नाकात पाणी जातं हा एक भाग. दुसरा भाग असा, की दीड-दोन मीटर खाली गेलात तरी पाण्याचा दाब वाढतो आणि गॉगल डोळ्यांना चिकटून ओढ बसते. मास्कमध्ये नाक आत असतं. नाकातून जराशी हवा सोडली की आतला दाब बरोबर होतो. मास्कचा नाकाचा भाग मऊ आणि बाहेरून दोन बोटांच्या चिमटीत धरता येईल असा हवा, म्हणजे कानांना दडे बसले तर नाक दाबून मोकळे करता येतात.

आता माप कसं बघायचं. दुकानात मास्क हातात घ्या, पट्टा काचेवरून पुढे टाका म्हणजे तो मध्ये येणार नाही. कपाळावरचे केस मागे सारा. मास्क चेहऱ्यावर नुसता टेकवा, दाबू नका, आणि तोंड मिटून नाकाने हळूच श्वास आत ओढा. मग हात सोडा. मास्क चेहऱ्याला धरून राहिला तर तो तुमचा. हवा कुठूनतरी सूं करत आत आली, किंवा मास्क घसरला, तर तो कितीही देखणा, कितीही महाग असला तरी परत ठेवा. हीच परीक्षा मग नळीचा तोंडातला भाग दातांत धरून पुन्हा करा, कारण ओठ पुढे आले की गालांचा आकार बदलतो आणि आधी पास झालेला मास्क इथे नापास होऊ शकतो. हे बहुतेक जण करत नाहीत.

मुलाची परीक्षा घेताना त्याला "श्वास ओढ" म्हटलं की तो तोंडाने ओढतो. "फुलाचा वास घे" म्हणा, बरोबर नाकाने घेतो. परीक्षा चालू असताना मास्कच्या किनारीवरून तुमचं बोट फिरवून बघा. ती कानशिलावर केसांच्या रेषेत जात असेल, तर माप मोठं आहे. किनार वरच्या ओठावर टेकत असेल तरीही मोठंच आहे.

पाणी शिरण्याची आणखी काही कारणं आपल्या घरांतलीच आहेत. मिशा हे पहिलं. झुपकेदार मिशीवर मास्कची किनार टेकली की केसांमधून पाणी झिरपतंच. नाकाखाली, किनार जिथे टेकते तेवढी पट्टी काढली तरी फरक पडतो. मिशी काढायची नसेल तर थोडं पाणी येणार हे धरून चाला, आणि ते काढायला शिका: मान किंचित वर, मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची, नाकातून हवा सोडायची, पाणी खालून निघून जातं. दुसरं कारण खोबरेल तेल. सकाळी डोक्याला तेल, चेहऱ्याला क्रीम, वरून सनस्क्रीन, आणि मग मास्क: तो घसरतो, काचेवर धुकं धरतं आणि घामाबरोबर ते सगळं डोळ्यांत उतरून चुरचुरतं. नाकातली चमकी होडीत बसायच्या आधी खोलीवरच काढून ठेवा. ती टोचते, आणि पाण्यात पडली तर गेली.

पट्टा कानांच्या जरा वर, डोक्याच्या मागच्या रुंद भागावर बसतो. तो मास्क जागेवर राहण्यापुरताच. पाण्याचा दाबच किनार चेहऱ्याशी धरून ठेवतो. फार आवळलं तर मऊ किनार मुडपते आणि त्या घडीतूनच पाणी येतं. भाच्याच्या बाबतीत नेमकं हेच होत होतं.

किनार सिलिकॉनचीच घ्या. स्वस्त संचांमध्ये पीव्हीसीची असते. ती हाताला कडक लागते, प्लास्टिकचा वास येतो, चेहऱ्याच्या वळणाप्रमाणे ती वळत नाही. सिलिकॉन दुमडून सोडलं की लगेच मूळ आकारात येतं. काच टेम्पर्ड असावी, तसं काचेवर लिहिलेलं असतं. अशी काच फुटली तरी तिचे बोथट तुकडे होतात. प्लास्टिकच्या काचेवर पहिल्याच सहलीत वाळूचे ओरखडे येतात. मुलांसाठी पारदर्शक किनारीचा मास्क बरा, बाजूने उजेड येतो आणि कोंडल्यासारखं वाटत नाही.

चष्मा असेल तर तो मास्कच्या आत घालता येत नाही, दांड्या किनार उचलतात. दोन वेगवेगळ्या काचा असलेल्या काही मास्कना नंबराच्या तयार काचा मिळतात, अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्यांनी. पाण्यात वस्तू जवळ भासत असल्यामुळे लांबचा नंबर थोडा असेल तर साध्या मास्कनेही काम भागतं. सासऱ्यांना आम्ही उणे तीनच्या काचांचा मास्क दिला तेव्हा पाण्यातून वर येऊन ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, परत खाली तोंड घातलं. चष्म्याच्या घरात सर्वांत आधी खर्च याच्यावर करावा.

नळी

नळीकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि लहान मुलांच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं गणित तिच्यातच आहे. ते जरा सावकाश मांडते.

मोठा माणूस शांतपणे श्वास घेतो तेव्हा साधारण 500 मिलिलिटर हवा आत जाते. त्यातली सुमारे 150 मिलिलिटर नाक, घसा, श्वासनलिका इथेच राहते, फुप्फुसात कामी येत नाही. श्वास सोडल्यावर या वाटेत वापरलेली हवा उरते आणि पुढच्या श्वासात तीच आधी परत आत जाते. स्नॉर्कल लावली म्हणजे ही वाट आपण लांबवली. नळी आतून दोन सेंटिमीटर रुंद आणि 38 सेंटिमीटर लांब असेल, तर तिच्यात जवळपास 120 मिलिलिटर हवा मावते. मोठ्या माणसाला हे चालून जातं, श्वास थोडा खोल झाला की भागतं.

आता सहा वर्षांचं, वीस किलोचं मूल घ्या. त्याचा शांत श्वास असतो 140 मिलिलिटरच्या आसपास. त्यातले 40 त्याच्या स्वतःच्या वाटेत जातात. वर आपण 120 ची नळी लावली. बेरीज 160, म्हणजे पूर्ण श्वासापेक्षा जास्त. ते मूल घाबरून उथळ, भराभर श्वास घेऊ लागलं, तर नळीतली तीच वापरलेली हवा आतबाहेर करत राहतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, दम लागतो, डोकं दुखतं, आणि दम लागल्यामुळे ते आणखी भराभर श्वास घेतं. बाहेरून आपल्याला दिसतं एवढंच की मूल "उगाच" घाबरलं. ते उगाच नसतं.

म्हणून मुलांची नळी वेगळी, आखूड आणि निमुळती. युरोपातल्या मानकात मोठ्यांच्या नळीला 38 सेंटिमीटर लांबी आणि 230 मिलिलिटरची कमाल मर्यादा आहे, लहान फुप्फुसांसाठीच्या नळीला 35 सेंटिमीटर आणि 150 मिलिलिटरची. सहा-सात वर्षांच्या मुलाला मी त्याहूनही लहान शोधेन. आतून दीड-पावणेदोन सेंटिमीटर रुंदी आणि तीस सेंटिमीटरच्या आसपास लांबी असली, तर हवा पन्नास ते सत्तर मिलिलिटरच मावते. दुकानात फूटपट्टी घेऊन जा, लाजू नका. आणि मुलाला एकच गोष्ट शिकवा: सावकाश, खोल श्वास, आणि सोडताना पूर्ण सोडायचा.

लांब नळी घेतली तर जास्त खोल जाता येईल का, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. येत नाही. एक मीटर खोलीवर छातीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पाण्याचा 100 ग्रॅम भार असतो, आणि सगळ्या छातीचा हिशेब केला तर तो भार उचलून फुप्फुसं फुगवणं बरगड्यांच्या स्नायूंना जमत नाही. घरी नळीला पाइपचा तुकडा जोडायचा प्रयोग कुणालाही करू देऊ नका.

नळ्यांचे प्रकार दुकानदार बरेच सांगेल. अगदी साधी वाकडी नळी असते, ती उत्तम पोहणाऱ्यांसाठी. काहींना वर लाटेचं पाणी अडवणारी टोपी आणि खाली, तोंडाच्या खालच्या बाजूला, एकमार्गी पडदा असतो. पाणी आत आलं तर एक जोरदार फुंकर मारली की ते या पडद्यातून बाहेर पडतं. घरच्या लोकांना मी हीच देते. तिसऱ्या प्रकारात वरचं तोंड पाण्याखाली गेलं की तरंगता गोळा किंवा झडप ते बंद करते. ऐकायला छान, पण लाटांच्या दिवशी ऐन श्वास ओढताना झडप बंद होते आणि नवखा माणूस दचकतो. वाळूचा कण अडकला की ती नीट बंदही होत नाही. खालच्या एकमार्गी पडद्यात कण अडकला तर दुसऱ्या प्रकारच्या नळीतही पाणी येतं, तेव्हा पाण्यात उतरण्याआधी एकदा गोड्या पाण्याने खळबळून घ्या.

तोंडात धरायचा भाग मऊ सिलिकॉनचा आणि तोंडाच्या मापाचा हवा. मोठा असला तर मुलाचे ओठ मिटत नाहीत, कडेने पाणी येतं आणि दहा मिनिटांत जबडा दुखतो. दुधाचे दात हलत असतील तर तो दात पडेपर्यंत थांबा. आणि भाड्याच्या नळीचा हा भाग दिवसभर एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जात असतो, स्वतःची नळी घ्यायला एवढं कारणही मला पुरेसं वाटतं.

पूर्ण चेहऱ्याचे मास्क

नळी डोक्यावर जोडलेले, संपूर्ण चेहरा झाकणारे मास्क 2014 पासून सगळीकडे दिसू लागले. नाकाने श्वास घेता येतो म्हणून घाबरणाऱ्यांना ते सोपे वाटतात. मी मुलांना ते देत नाही. चांगल्या मास्कमध्ये ताजी आणि वापरलेली हवा वेगवेगळ्या वाटांनी जाते, पण त्यासाठी आतला नाकातोंडाभोवतीचा कप्पा घट्ट बसावा लागतो. लहान चेहऱ्यावर तो बसला नाही की वापरलेली हवा सगळ्या मास्कभर पसरते. बहुतेकांमध्ये नाक चिमटीत धरता येत नाही, त्यामुळे खाली डोकावता येत नाही. आणि घाबरल्यावर साधी नळी नुसती थुंकून टाकता येते, हा मास्क पट्ट्यांसकट उपसावा लागतो.

अमेरिकेच्या हवाई बेटांवर पाहुण्यांचे सर्वाधिक बुडून मृत्यू स्नॉर्कलिंग करताना होतात. तिथल्या अभ्यासातून एक मुद्दा पुढे आला, की नळीतून श्वास ओढताना होणारा अडथळा जास्त असेल तर काहींच्या फुप्फुसांत पाणी साचू शकतं, आणि माणूस गटांगळ्या न खाता, आवाज न करता निपचित पडतो. हृदयविकार असेल, रक्तदाब असेल, तर आजी-आजोबांनी डॉक्टरांना विचारूनच उतरावं. नळी विकत घेताना ती तोंडात धरून दोन मिनिटं श्वास घ्या. ओढायला जोर लागत असेल तर ती नको.

पाय, अंग, लाइफ जॅकेट

फिन्स मुलांना पहिल्या दिवशी नकोतच. नंतर द्यायच्या तर आखूड, मऊ पात्याच्या, आजच्या पायाच्या मापाच्या. बोटं मुडपायला नकोत, आणि पाय झटकला तर टाच निसटायला नको. मोठ्यांनाही टाच झाकणाऱ्या आखूड फिन्स पुरतात. त्या पाण्यातच घाला आणि त्या घालून चालायचंच झालं तर पाठीमागे चाला. फिन्स नसतील तर पायात पातळ तळव्याचे पाण्यातले बूट हवेत. कोकणातल्या खडकांवर कालवं असतात, त्यांच्या कडेने तळवा ब्लेडसारखा कापतो.

प्रवाळावर उभं राहायचं नाही, हे मुलांना होडीतच सांगा. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं वाघाइतकं संरक्षण आहे, आणि मालवणचा सागरी भाग 1987 पासून अभयारण्य आहे. बहुतेक प्रवाळ तुटतात ते हाव धरल्याने नव्हे, तर दमलेल्या किंवा घाबरलेल्या माणसाने आधारासाठी पाय टेकल्याने. बसणारा मास्क आणि नीट तरंगवणारं जॅकेट असेल तर पाय टेकायची वेळ येत नाही.

लाइफ जॅकेट वजनाप्रमाणे असतं, आत लिहिलेलं वाचा. सगळे पट्टे लावून मुलाला खांद्याशी धरून वर उचला. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर पाण्यातही तसंच सरकेल. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा. दंडाचे फुगे आणि फुगवायची चाकं ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर मूल सोडू नका.

उन्हाने भाजते ती पाठ, मान आणि गुडघ्यांची मागची बाजू, कारण तासभर आपण पालथे असतो. पूर्ण बाह्यांचा लायक्राचा शर्ट आणि लांब टाइट्स सनस्क्रीनपेक्षा भरवशाच्या. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईने प्रवाळांसाठी 1 जानेवारी 2021 पासून बंदी घातली आहे. डबीवर ही नावं बघून घ्या. मुलांचा शर्ट भगवा, पिवळा, गुलाबी असा भडक घ्या. निळं मूल निळ्या पाण्यात दिसत नाही.

घरी सराव

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला एक पातळ थर असतो, तो गेल्याशिवाय धुकं थांबत नाही. साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने आतून चोळा, धुवा, असं दोन-तीनदा. नंतर दर वेळी उतरण्याआधी लहान मुलांच्या शॅम्पूचा एक थेंब फिरवून हलकं खळबळलं की झालं. थुंकीही चालते, होड्यांवर सगळे तेच करतात.

भाचीच्या वेळी आम्ही घाई केली नाही. गॅलरीत मोठ्या टबात पाणी भरलं, तळाशी चार-पाच शंख आणि एक रुपयाची नाणी टाकली. पहिल्या दिवशी नुसता मास्क. दुसऱ्या दिवशी नळी, पण चेहरा बाहेर ठेवून. तिसऱ्या दिवशी तिने चेहरा पाण्यात घातला आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून तिच्या श्वासाबरोबर मोजत राहिले. चाळिसाव्या श्वासाला तिने स्वतःच हात वर करून नाणी मोजून दाखवली. मग सोसायटीच्या तलावात दोन रविवार. मालवणच्या पाण्यात ती उतरली तेव्हा सामान तिच्या ओळखीचं होतं, नवा होता तो फक्त समुद्र.

परत आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा आणि मास्क त्याच्या डब्यात ठेवा. बॅगेच्या तळाशी दबला तर किनार वाकडी होते ती कायमची.

यंदा भाचीला तो मास्क लहान झाला, म्हणून तिच्या धाकट्या भावासाठी काढला. पट्टा पुढे टाकून त्याच्या चेहऱ्यावर टेकवला आणि म्हटलं, फुलाचा वास घे. उजव्या कानशिलाजवळून हवा येत होती. बहिणीचं सगळं त्याला होतं, चपलासुद्धा. मास्क मात्र त्याच्यासाठी वेगळा पाहतो आहोत.